बोटांचा मुका

“बाळाचा मुका कोणीही घ्यायचा नाही. आणि ज्याच्या ओठावर पुळी आली असेल, त्याने तर बाळापासून लांबच राहायचं,” दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नलिनीने ते लेकीच्या, श्रुतिकाच्या देखत, देवापुढे संकल्प सोडावा तसं कबूल केलं होतं.

आणि पाळलंही होतं. नातीला न्हाऊ घालताना, मांडीवर झोपवताना तिने एकदाही ओठ टेकवले नव्हते.

आज पूजेला बसल्यावर खालच्या ओठाचा कोपरा चुणचुणला. पूजा आटोपून तिने आरशात पाहिलं. पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या, एकीला एक चिकटलेल्या.

“उपासाची उष्णता गो ती,” तिचा नवरा, राजेश, पेपरातून मान वर न काढता म्हणाला. “तूप लाव.”

तिने बोटाने तूप लावलं आणि बाहेरच्या खोलीत आली. उद्याच्या बारशाचा पाळणा अर्धा सजला होता. श्रुतिका लंगोटांच्या घड्या घालत होती. शेजारी दुपट्यात बाळ जागं होतं. नलिनीने सवयीने बोटं जुळवली, आपल्या ओठांना लावली आणि बाळाच्या गालाकडे नेली.

श्रुतिकाने तिचं मनगट वरच्या वर पकडलं.

“आई, काय करतेस?”

“मुका कुठे घेतला? बोटांनीच तर...”

“आणि बोटं कुठे होती?”

नलिनीने बोटांकडे पाहिलं. टोकांवर तूप चमकत होतं. तेवढ्यात श्रुतिकाला तिचा ओठ दिसला आणि तिने बाळ उचलून छातीशी धरलं.

“सकाळपासून हात लावलास हिला?”

“नाही गं. आज मालिशवाल्या चंपानेच मालिश केली, अंघोळ घातली. मी देवाशी होते.”

श्रुतिकाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन ठेवून ती म्हणाली, “लागलं नाही ते बरं झालं म्हणाल्या. तरी नजर ठेवायची. ताप आला, दूध ओढेनाशी झाली, सुस्त पडली, अंगावर पुळी दिसली, तर लगेच घेऊन यायचं.”

नलिनी हात धुऊन आली, पण दारातच थांबली. “एवढीशी पुळी. मला नुसती चुणचुणते. मग हिलाच एवढी का भारी?”

“हिच्या अंगाला अजून लढता येत नाही, आई. मेंदूपर्यंत जाऊ शकतं. आणि मला कधी अशी पुळी आलीच नाही, त्यामुळे माझ्याकडून मिळायचं ते बळही नसणार हिला.”

“कधीच आली नाही? म्हणजे तुझे मुके मी कमीच घेतले म्हणायचे.”

“आई, प्लीज.” पण श्रुतिकाला हसू आलं.

“मग मला कुठून आलं हे?”

“लहानपणी कोणीतरी मुका घेतला असेल. ते एकदा अंगात शिरलं की जात नाही. झोपून राहतं. मधूनच जागं होतं.”

“इतकी वर्षं?” नलिनी विचारात पडली. “कोण असेल गं?”

“ते कसं कळणार?”

नलिनी बाळाकडे बघत राहिली. बाळाने जांभई दिली. नलिनीची बोटं पुन्हा ओठांशी गेली. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने हात खाली घेतला.

“बघितलंस? माझं मन ऐकतं, हात ऐकत नाहीत. मी मानखुर्दला रुक्मिणीमावशीकडे जाते. तिला इकडे पाठवते, ती तुझं सगळं बघेल.”

“मास्क लाव, तिकडच्या खोलीत बस. उद्या बारसं आहे, आई.”

“नातीचा बारसा नि आजीच नाय?” राजेशने आता पेपर खाली ठेवला.

“नाव तिची आत्या ठेवणार. मला फोनवर ऐकवा. खपली पडली की येते.”

तिने पिशवीत दोन साड्या, जपमाळ आणि पोथी भरली. दाराशी चपला घालताना मागे वळली. श्रुतिकाने बाळाला किंचित वर धरलं. नलिनीचा हात ओठांकडे निघाला, वाटेतच थांबला. मग तिने लांबूनच ओवाळल्यासारखे दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

जिना उतरताना ओठ पुन्हा चुणचुणला. कधीकाळी कोणालातरी राहवलं नव्हतं. कोणाला, ते आठवायचा प्रयत्न करत ती बस स्टॉपच्या दिशेने चालू लागली.