आज कुणी लोळायचं नाही

पडद्यामागे फुआतिनोचे पाय गार पडले होते. भर दुपारची वेळ. बेटावरच्या आपिया गावी समुद्रावरून येणारा दमट वारा अंगाला चिकटत होता, आणि तिला मात्र हुडहुडी भरली होती. बाहेर पाद्रीबाबांची प्रार्थना चालू होती. ती संपली की गावचा फॅशन महोत्सव सुरू, आणि सगळ्यांत आधी चालायचं होतं तिने.

"एवढ्या उंच टाचा कशाला गं? नारळ काढायचेत का?" लेपेका मावशी गुडघ्यांवर बसून तिच्या झग्याची कड सारखी करत होती. झगा मावशीनेच शिवलेला. झाडाची साल कुटून कुटून केलेल्या सिआपोचा. ते कापड गावातल्या बायकांनी गाणी म्हणत म्हणत कुटलं होतं, आणि पहिली ओळ नेहमी मावशीची असे.

"तिकडे कुणी अनवाणी चालत नाही, मावशी."

तिकडे म्हणजे पॅरिसला. गेल्या वर्षी तिथल्या मोठ्या मंचावर, डोळे दिपवणाऱ्या उजेडात, फुआतिनोचा पाय मुरगळला आणि ती आडवी झाली. लागलं किती ते आता तिला आठवत नसे. आठवे ती शांतता. पहिल्या रांगेतलं एकही माणूस जागचं हललं नव्हतं. मागून येणारी मुलगी तिला वळसा घालून पुढे निघून गेली होती. हातांतले फोन तेवढे वर झाले होते. त्यानंतर ती कुठल्याच मंचावर चढली नव्हती. झोपेतही पाय घसरे, आणि ती दचकून उठे. आज जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा कधीच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि आजची भीती तर त्याहून मोठी होती. तिथे पडली ती एक परकी मुलगी. इथे पडली तर अख्खं घर पडणार होतं.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "आज कुणी लोळायचं नाही."

मावशीचा हात थांबला. "म्हणजे?"

"लग्नात मी नाचते तेव्हा तू आणि मामा माझ्याभोवती माकडचेष्टा करता, जमिनीवर लोळता, तसलं काही नको. सगळ्यांना सांगून ठेव. ऑकलंडहून पाहुणे आलेत. तिकडे सगळे गप्प बसून बघतात. हसतसुद्धा नाहीत."

"मयताला बसल्यासारखे? अगं, आपल्याकडे मयतालासुद्धा गातात!" मावशी म्हणाली. मग फुआतिनोचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "पोरी, आपण खाली लोळतो ते घरची पोर उंच दिसावी म्हणून. तू समोर असताना आम्ही ताठ बसून राहिलो, तर लोक म्हणतील, हिचं कुणीच नाही."

"मावशी, मला फार भीती वाटतेय गं. शब्द दे."

मावशीने तिचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले, देवाचं नाव घेतलं, शब्द दिला आणि सगळ्यांना बजावायला ती बाहेर मंडपात गेली.

पडदा सरला. फुआतिनो मंचाच्या फळ्यांवर आली.

गावाने तिचं ऐकलं होतं. अगदी तंतोतंत ऐकलं होतं. सगळे गुडघ्यांवर हात ठेवून दगडासारखे बसले होते. कधी एका जागी न टिकणारा तुपुआ मामा मंडपाचा खांब कवटाळून, स्वतःला कसाबसा आवरून धरून होता. कडेवरची बाळंसुद्धा चूप. टाचांचा टक टक आवाज तेवढा येत होता.

तीच शांतता. इतक्या दूर तिचा माग काढत आली होती.

फुआतिनोने मनातल्या मनात स्तोत्राची एखादी ओळ धरायचा प्रयत्न केला. ओळ सापडेना. मंचाच्या मधोमध, दोन फळ्यांच्या फटीत, टाच अडकली.

ती पडली. गुडघ्यापाशी सिआपो टर्रकन फाटला.

कुणी हललं नाही. पाहुण्यांच्या रांगेत दोन-तीन फोन वर झाले. फुआतिनोने मान उचलली, तर समोर मावशी. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसलेली. ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून धारा लागलेल्या. दिलेला शब्द सगळ्या अंगानिशी धरून ठेवलेला.

हा गप्पपणा आपणच मागून घेतलाय, हे फुआतिनोला तेव्हा उमगलं.

"मावशी... ये ना गं."

एवढी भारदस्त बाई, पण खुर्चीवरून तिने स्वतःला धप्पकन खाली टाकलं. "चीऽऽहूऽऽ!" तिची आरोळी मंडपाच्या छपराला जाऊन भिडली. लोळता लोळताच तिने कापड कुटायच्या गाण्याची पहिली ओळ टाकली, आणि साऱ्या बायकांनी ती वरच्यावर झेलली. तुपुआ मामा खांब सोडून माशासारखा तडफडत फळ्यांवर आला. काका आले, आजोबा आले, शेजारपाजारचे आले, सगळे वाकडी तोंडं करत, उताणे, पालथे. पाद्रीबाबाही पोट सावरत खुर्चीवरून घसरले. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, फोन खिशात घातले, आणि अवघडत का होईना, तेही खाली आले.

फुआतिनोने टाचांचे बूट काढून बाजूला ठेवले. अनवाणी उठली. फाटका झगा सावरत, गाण्याच्या ठेक्यावर पाऊल टाकत ती मंचाच्या पार टोकापर्यंत गेली, आणि तिथे वळून तिने मागे पाहिलं.

अख्ख्या मंडपात त्या क्षणी न पडलेली अशी ती एकटीच होती.