विसावी विद्यार्थिनी

"तुमचा डेटा स्ट्रक्चर्सचा विषय इथे धरता येणार नाही," विद्यापीठाच्या खिडकीतली बाई म्हणाली. "कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिग्रीला तो दर्जा नाही. आमच्या तज्ज्ञांनी तपासून तसा शेरा मारलाय. पुन्हा करा."

येसेनियाचं डोकं सणकलं. दोन वर्षं बेकरीत राबून, पिठाच्या हातांनी तिने कॉम्प्युटर सायन्सचा अभ्यास केला होता. वर्गात पहिली आली होती. कुठला दीडशहाणा तज्ज्ञ हा?

सोमवारी त्याच विषयाच्या पहिल्या तासाला ती दात-ओठ खात बसली. दार उघडलं आणि हॅलोरन सर आत आले. कम्युनिटी कॉलेजात तिला हाच विषय शिकवणारे हॅलोरन सर! तीच कळकट पिशवी, त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स. येसेनिया ताडकन उठली आणि नकाराचं पत्र तिने त्यांच्या टेबलावर आपटलं.

"सर, तुम्हीच सांगा ह्यांना! तुम्हीच शिकवलंत, तुम्हीच पैकीच्या पैकी मार्क दिलेत. मग ते नाकारणारा हा कोण टिकोजीराव लागून गेला?"

सरांनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खालची सही माझी आहे," ते हळूच म्हणाले. "मी इथेही तासिका तत्त्वावरच आहे गं. वीस मुलं भरली नाहीत तर वर्ग रद्द करतात आणि मला घरी बसवतात. तुझा अर्ज आला तेव्हा एकोणीस होती."

येसेनियाने पत्र उचललं, बॅग खांद्याला मारली.

"मग एकोणीसच मोजा, सर."