फुटाण्याचा कोंब

सगळ्यांनी करवंटीत भिजवलेला हरभरा पेरला होता. दुसरीतल्या तुळजाने मात्र घरून आणलेला फुटाणा. कुंदाबाईंनी तो पाहिला होता, पण बोलल्या नव्हत्या. भाजलेलं उगवत नाही, हे तिचं तिलाच कळू दे.

आज तुळजाच्या करवंटीत हिरवा कोंब होता.

"कुणाचा उपटलास गं?" बाईंचा आवाज चढला.

"माझाच आहे, बाई!" तुळजाचे डोळे भरले. "रोज पाणी घातलंय."

"चोरटी, चोरटी!" पोरं ओरडली.

बाईंनी एकेक करवंटी तपासली. शेजारच्या झुबेदाच्या करवंटीत नुसती उकरलेली माती होती. बाई तुळजाकडे वळणार, तोच झुबेदाने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या नखात माती होती.

"गप्प बसा. कोंब तुळजाचाच आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पेरायला फुटाणे घेऊन आला.