उलट्या गिअरची मॉरिस

गिअरबॉक्सचं झाकण निघालं. तळातल्या काळ्या तेलात बोटं घालून बायरननं एक तुटका दात बाहेर काढला.

"माझा नव्हे हो," शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेली व्हर्ना मावशी म्हणाली. "माझे सगळे पेल्यात आहेत."

बायरन हसला नाही. सासूच्या एका विनोदाला हसलं की ती आणखी दोन ऐकवते, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मावशीनं नव्वदी ओलांडली होती. साऱ्या नॉरफॉक बेटाची ती मावशी. धक्क्याजवळच्या घरात एकटी राहायची. हिवाळ्यात दोनदा पायरीवरून घसरली, तेव्हा मेव्हिसनं, तिच्या लेकीनं आणि बायरनच्या बायकोनं, टेकडीवरच्या आपल्या घरात एक खोली तिच्यासाठी सजवली. पडदेसुद्धा नवे लावले. मावशी हलेना. मनधरणी झाली, रुसवेफुगवे झाले, पाद्रीबाबा समजूत घालायला आले आणि नुसता चहा पिऊन गेले. शेवटी मावशी म्हणाली, "येईन. पण माझ्या मॉरिसमधून. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवणार नाही."

मॉरिस किती वर्षं शेडमध्ये पडून होती कुणास ठाऊक. इंजिन कुरकुरत का होईना चालू व्हायचं, पण गिअरबॉक्स पार कामातून गेलेला. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मावशीला वाटलं, विषय मिटला. पण बायरनची हयात बोटींची इंजिनं उघडण्यात गेली होती. त्यानं बाह्या सरसावल्या.

नवी दातेरी चाकं न्यूझीलंडहून यायची होती. बोट आली, पण बेटाला बंदर नाही आणि समुद्र खवळलेला. माल न उतरवताच ती लांबूनच माघारी फिरली. त्या दिवशी मावशीनं पिल्ही, म्हणजे बेटावरची केळ्याची वडी, भाजून शेजारीपाजारी वाटली. "देवाच्या मनात नाही, जावईबुवा!" पुढच्या फेरीला मात्र समुद्र तव्यासारखा सपाट होता. मावशी दिवसभर जावयाशी बोलली नाही.

तरी खुर्ची काही तिनं सोडली नाही. बायरननं झिजलेली बेअरिंगं काढली, नवी ठोकून बसवली. सुईसारखे बारीक रोलर ग्रीसमध्ये चिकटवत एकेक करून गोलात मांडले. शेवटचा हातात असताना मावशी शिंकली. बायरनचा हात हलला आणि सगळे घरंगळले.

"मुद्दाम शिंकलात तुम्ही!"

"या वयात मुद्दाम काही करता येत नाही रे बाबा. शिंक आपली आपण येते तेच पुष्कळ."

त्यानं मुकाट्यानं पुन्हा मांडले. अखेर गिअरबॉक्स गाडीला चढला. मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून त्यानं सगळे गिअर टाकून बघितले. लोण्यासारखे पडत होते. मेव्हिसनं रविवार नक्की केला.

रविवारी निम्मं बेट निरोपाला जमलं. मावशीची ट्रंक टपावर बांधली. बायरननं रिव्हर्स टाकून गाडी ऐटीत शेडमधून रस्त्यावर काढली, आणि मग पहिला गिअर टाकायला गेला. दांडी हलेना. ओढली, ढकलली, गुद्दे घातले. दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून आत एक पोलादी गोळी असते, तीच कुठेतरी अडकून बसली होती. गाडी मागे जात होती. पुढे यायला तयार नव्हती.

"बायरन, मोटार जुळवलीस की खेकडा?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सगळे खो खो हसले.

मेव्हिसनं कपाळाला हात लावला. "आता पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे गेला महिना! आई, तूच आता हट्ट सोड. माझ्या गाडीतून चल."

बायरनचं तोंड उतरलं. म्हातारीला आयतं निमित्त मिळालं होतं. आता ती घरात जाऊन कडी लावणार, यात त्याला शंका उरली नव्हती.

मावशीनं काठी टेकत मॉरिसला एक फेरी मारली. गाडीचं तोंड घराकडे होतं, मागची बाजू टेकडीकडे.

"मागे तर जाते ना?"

"जाते. पण मावशी, अख्खी टेकडी उलटं..."

"मग दार उघड."

निघाली स्वारी. रिव्हर्सला जोर भरपूर, मॉरिस हूं हूं करत चढ चढू लागली. बायरन मान मुरगळून मागच्या काचेतून रस्ता बघत होता. गाड्यांची वरात पाठोपाठ येत होती आणि ती मावशीच्या बरोबर तोंडासमोर होती. मावशी राणीसारखा हात हलवत होती. कुणी भोंगे वाजवले, कुणी टोप्या उडवल्या.

अर्ध्या चढावर रस्त्यात गाय बसलेली. बेटावर वाटेचा पहिला मान गाईचा. बायरननं हँडब्रेक ओढला आणि ती उठेपर्यंत चाळा म्हणून दांडी हलवली. आत खट्‌ वाजलं. दांडी सुटली, अलगद पहिल्या गिअरमध्ये जाऊन बसली.

"सुटली! मावशी, सुटली! थांबा, गाडी वळवतो. आता सरळ नेतो तुम्हाला, दिमाखात!"

मावशीनं त्याच्या हातावर हात ठेवला. समोरच्या काचेत, खाली, तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं. दोरीवर विसरलेला एक टॉवेल फडफडत होता. त्याच्यामागे समुद्र.

"नको. अशीच ने."

"अहो, मान मोडली माझी!"

"मोडू दे. वळवलीस की घराकडे पाठ होईल." मावशी समोरच बघत होती. "येणार नाही असं कधी म्हटलं का रे मी? पाठ तेवढी फिरवता येत नव्हती."

गाय उठली. बायरननं मान मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला.