भाजलेली माती

ज्या सुनेची बांबूची रोपं जोमानं वाढतील, तिच्या हाती रोपवाटिका सोपवायची, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. थोरलीनं माती चाळली, जंतू मरावेत म्हणून खरपूस भाजली. धाकटीनं बांबूच्या बेटाखालची माती उचलून तशीच पिशव्यांत भरली.

"शी! काय गं हा गबाळेपणा!" थोरलीनं नाक मुरडलं.

पण धाकटीची रोपं तरारली आणि थोरलीची खुरटली.

"अगं, मुळांना लांबून अन्नपाणी आणून देणारी बुरशी असते मातीत," सासरे हसत म्हणाले. "जंतूंबरोबर तीही भाजलीस तू!"

 

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरली वाटी घेऊन धाकटीच्या दारात हजर. "अगं, विरजणापुरती माती दे ना!"