बुरमाकानच्या फेऱ्या

बुरमाकाननं नानचा तुकडा चहात बुडवला, पार मऊ होईपर्यंत धरून ठेवला आणि मग तोंडात टाकला. चावला नाहीच. नुसता गिळला.

"दाढ अजून दुखतेय?" ओर्मोननं विचारलं.

"हं."

"मग शहरात, नारीनला जाऊन दाखव की डॉक्टरला. दोन आठवडे झाले."

"जाईन," ती ओठ जेमतेम हलवत म्हणाली आणि पेले उचलून बाहेर गेली.

सोळा वर्षांच्या संसारात ही बाई कधी गप्प बसली नव्हती. मेंढ्यांशी बोलायची, चुलीशी भांडायची. आता दिवसातून दहा शब्द ऐकू आले तरी पुष्कळ.

दीड वर्षापूर्वी गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात ओर्मोनचा उजवा हात सापडला. कोपराखालचा गेला. तोवर आठवडाभर ट्रॅक्टर चालवायचा आणि रविवार उजाडला की धनुष्य घेऊन डोंगर गाठायचा. बरोबरचे बंदुका न्यायचे, त्यांना तो हसायचा. "एवढ्या लांबून मारायचं, तर ससा भेटला असं म्हणायचं तरी कसं?" तो तीस पावलांवर जाईपर्यंत पोटावर सरपटायचा. निम्म्या वेळा रिकाम्या हातानं परत यायचा आणि तरी खुशीत असायचा.

दवाखान्यातून आल्यावर भिंतीवरचं धनुष्य पाहून त्यानं तोंड फिरवलं. "जाळून टाक ते," एवढंच तो बोलला. बुरमाकाननं जाळलं नाही. ज्यानं घडवलं होतं त्या तुर्दाकूनला नेऊन दिलं. तुर्दाकून नदीपल्याड राहायचा. बायको वारल्यापासून एकटाच होता. लाकूड, शिंग आणि जनावरांच्या स्नायूंच्या ताती चिकटवून धनुष्यं करायचा. ओर्मोनचा शिकारीतला जुना सोबती, पण ओर्मोननं त्याचीही भेट टाळली होती.

त्या रविवारी सकाळी शिकारीच्या टोळीतला झिरगाल घोडा घेऊन दारात आला.

"चल रे. चकोर उतरलेत खालच्या कड्यावर. तू नुसता बस घोड्यावर आणि ते उठले की बोंब ठोक."

"कुत्रं ने त्यासाठी."

"कुत्र्याला तुझ्याइतकं चिडता येत नाही ना!" झिरगाल हसला. ओर्मोन हसला नाही. झिरगालनं लगाम उगाचच या हातातून त्या हातात घेतला. "वहिनी आहेत का घरात?"

"मावशीकडे गेलीय. म्हातारी आजारी आहे."

"मावशीकडे?" झिरगालचा चेहरा पडला. "बरं. येतो मी."

"थांब. काय झालं?"

"काही नाही रे."

"झिरगाल!"

"अरे, पूल ओलांडताना दिसल्या मला. आत्ताच. मागच्या रविवारीही दिसल्या होत्या. तुर्दाकूनच्या वाटेला." तो घोड्याच्या आयाळीकडे पाहत राहिला. "कामही असेल काही. तू लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

झिरगाल गेला. ओर्मोन उंबऱ्यावर बसून राहिला. एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. परवा तिचा खालचा ओठ फुटला होता, फळीचं दार लागलं म्हणाली. काल डावा गाल सुजला होता. रात्री झोपेत ती जबडा चोळायची. बाई खोटं बोलत होती, हे तर उघडच होतं. पण तो तुर्दाकून तिच्यावर हात उगारतो की काय? आणि तरीही ही पुन्हा पुन्हा जाते?

तो उठला. दीड वर्षात प्रथमच त्यानं घोड्यावर खोगीर टाकलं. एका हातानं पट्टा ताणताना तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला गुडघा रेटून त्यानं तो बसवला आणि शिव्या हासडत वर चढला.

नदीपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त मारामारी होती. पुलावर घोडा हळू झाला. खाली पाणी हिरवंगार वाहत होतं, आणि त्याचा राग कुठंतरी ओसरला. तिला काय दिलं होतं त्यानं या दीड वर्षात? भिंतीकडे तोंड करून झोपणारा माणूस. घास भरवायला आली की वाटी भिरकावणारा. "मी काय तान्हा आहे?" म्हणून ओरडणारा. तिनं एकदाही उलटून शब्द टाकला नव्हता.

त्यानं ठरवलं, भांडायचं नाही. "तुला राहायचं असेल तर राहा इथं. माझी हरकत नाही. पण हा मारत असेल, तर घरी चल." एवढंच बोलायचं. वाटभर त्यानं ते पाठ केलं. दुसऱ्या वाक्याशी प्रत्येक वेळी अडखळायचा.

तुर्दाकूनच्या घराला कडी होती. मागच्या घळीतून बोलणं ऐकू आलं. ओर्मोन घोडा बांधून पायी निघाला. दगडांआडून सरपटत पुढं गेला, जसा सशामागं जायचा तसा.

"घाई करतेस," तुर्दाकूनचा आवाज. "मान ताठ. रक्त येतंय का पुन्हा? बसूया थोडं."

"नको," बुरमाकान म्हणाली. "अजून चार."

"अगं, जबडा निखळेल. उद्या ये."

"उद्या नाही. बर्फ पडायच्या आत मला हे नीट यायला हवं. मला येत नसेल, तर तो माझं ऐकेल का?"

ओर्मोननं दगडावरून डोकं वर काढलं.

वीस पावलांवर जाड लोकरी नमद्याचा ससा टांगला होता आणि त्याच्या पोटात तीन बाण रुतले होते. बुरमाकान त्याच्याकडे तोंड करून उभी होती. डाव्या मुठीत ओर्मोनचं धनुष्य ताणलेलं होतं, उजवा हात तिनं पाठीमागं पट्ट्यानं घट्ट बांधून घेतला होता, आणि दोरीला ओवलेली कातड्याची पट्टी तिच्या दातांत होती.