लाइट गेली तिथून पुढं

चुडावा गावात व्हिडिओवर पिच्चर चालू होता. त्यातले कॉलेजातले पोरगा-पोरगी दोघं घरातून पळून रेल्वेत बसले अन् लाइट गेली. नववीतल्या विमलला पुढचं काही दिसलंच नाही.

तीस वर्षं झाली. आज सकाळी लेक मित्राबरोबर पळून जायला निघाली, तेव्हा विमलनंच मागचं दार उघडलं.

"आई, तुझ्या पिच्चरमधले ते दोघं सुटले होते ना गं?" स्वरदानं पिशवी खांद्याला लावत विचारलं.

"सुटले म्हंजे! म्या डोळ्यानं पाहिलंय."

लेक गेली. जिवाला चैन पडेना, म्हणून विमलनं मोबाइलवर त्याच पिच्चरचा शेवट लावला. पुढच्या स्टेशनावर रेल्वे थांबली. फलाटावर पोरीचे दोन्ही भाऊ उभे होते.

 

विमल अंगणात धावली. तिच्या दोन्ही पोरांची मोटारसायकल जागेवर नव्हती.